नियम चौथा, मिनिट नववं

आमची ओळख भांडणातून झाली, आणि भांडण झालं ते अकरा मिनिटांच्या टिकटिकीवरून. आता सांगताना हसू येतं. तेव्हा मात्र माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

माझे बाबा घड्याळजी. मीही घड्याळजीच, फक्त लोक अजून मला "घड्याळवाल्यांची मुलगी" म्हणतात. आमचं दुकान घराच्या तळमजल्यावर आहे. आत शिरलं की तेलाचा आणि पितळेचा वास येतो, आणि भिंतीवरची तीस-पस्तीस घड्याळं एकाच वेळी बोलायला लागतात. नव्या माणसाला तो गोंगाट वाटतो. आम्हाला त्याशिवाय झोप येत नाही.

त्या महिन्यात वाचनालयाचं उंच घड्याळ दुरुस्तीला आलं होतं. माणसापेक्षा हातभर उंच लाकडी पेटी, आत ताटलीएवढा लंबक, एकदा चावी दिली की आठ दिवस चालणारं. तीस वर्षं त्याची देखभाल बाबांकडेच होती. आणि आता ते दर पाचव्या दिवशी बंद पडत होतं. बाबा पेटीला कान लावायचे, डोळे मिटायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "ठणठणीत आहे." पाचव्या दिवशी ते परत थांबायचं.

खरं काय ते मला माहीत होतं. बाबांना ऐकू येत नव्हतं. वर्ष झालं असेल. समोर तोंड करून बोललं की ओठांवरून कळायचं, पण टिकटिक तर पार गेली होती. आणि हा तोच माणूस, ज्याच्याकडे लोक घड्याळ आणून नुसतं "ऐका जरा" म्हणायचे! ते मला कळू देत नव्हते, आणि मला कळलंय हे मी त्यांना कळू देत नव्हते. एकदा का चारचौघांत बोभाटा झाला असता, तर बाबा त्या दिवसापासून दुकानाची पायरी उतरले नसते. तेव्हा घड्याळाचं दुखणं मला शोधायचं होतं, तेही बाबांच्या कानांचा विषय न निघू देता.

म्हणून मी आमच्या ग्रुपकडे वळले. घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांचा मेलवरचा ग्रुप… चारशे बारा माणसं. कुणी डोंगरावर, कुणी बेटावर, कुणाकडे इंटरनेट असं की एक फोटो उतरायला अर्धी सकाळ जाते. त्यामुळे अटॅचमेंटच्या बाबतीत नियम कडक. आधी शब्दांत लिहा. फाइल जोडायचीच असेल तर ती कसली आणि केवढी ते सांगा. नाव असं द्या की उघडण्याआधीच कळेल. आणि चौथा नियम : पाठवण्याआधी अटॅचमेंट स्वतः उघडून शेवटपर्यंत पाहा, ऐका.

हे नियम राखणारा माणूस एका मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ सांभाळायचा, आमच्यापासून पाच तासांवरच्या शहरात. मी मनातल्या मनात त्याला नियमबुवा म्हणायचे. पण खरं सांगू? त्याच्या मेलची मी वाट बघायचे. फोटो नाही, चित्र नाही, नुसत्या शब्दांत तो घड्याळ असं उलगडायचा की वाचता वाचता बोटांना तेल लागल्यासारखं वाटावं. कुणी कितीही बावळट प्रश्न विचारला तरी तो कधी कुणाला तोंडघशी पाडायचा नाही. "तुमचा प्रश्न चांगला आहे, मीही इथेच फसलो होतो," अशी त्याची सुरुवात.

तर मी दुपारी फोन घड्याळासमोर ठेवला, अकरा मिनिटं टिकटिक रेकॉर्ड केली, पहिलं अर्धं मिनिट ऐकून पाहिलं आणि "कृपया सोबतची फाइल ऐकावी" एवढं एकच वाक्य लिहून दिली धाडून. महिनाभर तीच टिकटिक ऐकत होते मी. पुन्हा अकरा मिनिटं कोण ऐकणार?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "आपला मेल मी थांबवून ठेवला आहे, ग्रुपवर गेलेला नाही. फाइल अकरा एमबीची आहे, मर्यादा एकची. शिवाय नियम चौथा कृपया पुन्हा वाचावा. टिकटिक कशी आहे ते शब्दांत लिहाल का? तुम्ही लिहू शकाल, याची खात्री आहे."

खात्री म्हणे! मी फाइल परत उघडली. चालत होती की छान. मग मी काय केलं, फाइलचे एका दणक्यात अकरा तुकडे केले, प्रत्येक एक मिनिटाचा, प्रत्येक एक एमबीच्या आत. नियमात बसणारे अकरा मेल… टिच्चून पाठवले.

त्याने अकराच्या अकरा थांबवले.

"नियम चौथा," एवढंच उत्तर.

आता मात्र माझ्या रागाचा पारा चढला. आदल्याच आठवड्यात ग्रुपवरच्या एका कुक्कू घड्याळवाल्या आजोबांचं रेकॉर्डिंग त्याने खुशाल जाऊ दिलं होतं, आणि त्यात तर आजोबांचं कुत्रंही भुंकत होतं! मी सरळ ग्रुपवर लिहिलं. सगळ्यांसमोर. "आजोबांच्या फाइलला एक न्याय आणि माझ्या फाइलला दुसरा, असं का? माझ्या फाइली नियमात बसतात. त्या उघडतात, ऐकूही येतात. की नियम माणूस बघून बदलतो?"

पाठवलं आणि मग भान आलं. चारशे बारा माणसं.

संध्याकाळी त्याचं उत्तर आलं, तेही सगळ्यांसमोर. "तक्रार रास्त आहे. दोन फाइलींना दोन न्याय लावले गेले, आणि ते मी लावले. त्याचं समाधानकारक कारण मी इथे देऊ शकत नाही. दोष माझा. ग्रुपची आणि विशेषतः त्यांची क्षमा मागतो. मात्र त्या फाइली मी पुढे पाठवणार नाही."

आमच्याकडे दुकानाचे सगळे मेल आत्या छापून काढते आणि बाबा सकाळच्या चहाबरोबर ते कागद वाचतात. स्क्रीनवर वाचायला त्यांना आवडत नाही. ग्रुपमध्ये शिरताना ओळख म्हणून मी तसं गमतीत लिहिलंही होतं… "दुकानाचे मेल आत्या छापते, बाबा वाचतात, उत्तरं मी देते."

बाबांनी तो कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोण आहे हा?"

"आहे एक हेकट," मी म्हटलं.

"हेकट असेल. पण सगळ्यांसमोर स्वतःचा दोष पदरात घेतो. असा माणूस काहीतरी पोटात ठेवून बसलेला असतो." बाबांनी कागदाची घडी घातली. "आणि तो म्हणतोय तर लिही की शब्दांत. हात मोडलेत का?"

बाबांनीच सांगितल्यावर काय करणार! वही-पेन्सिल घेऊन बसले पेटीसमोर. टिकटिक लिहायची म्हणजे आधी मोजावी लागते, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाहेर झिमझिम लागली होती. मी मोजत होते… बावन्न, त्रेपन्न, चोपन्न… आणि एक ठोका ओढत आला. पायरी चुकून पाय खाली पडावा तसा. पुन्हा मोजलं. पुन्हा बरोबर तिथेच. दहा वेळा मोजलं. मिनिटात एकदा, दर मिनिटाला, एकच ठोका.

तेवढं लिहिलं आणि हात थांबला. मिनिटात एक फेरा घेणारं चाक या घड्याळात एकच. लंबकाच्या डोक्यावरचं, तीस दात्यांचं.

ग्रुपवर पाठवलेल्या माझ्या दहा ओळींना आजोबांचं उत्तर तासाभरात आलं. "पोरी, तू प्रश्न विचारलास की उत्तर दिलंस? एक दाता वाकलाय. चावी भरलेली असते तोवर जोर असतो म्हणून निभावतं, पाचव्या दिवशी दम संपतो."

मी चाक काढून बाबांसमोर ठेवलं. डोळ्याला भिंग लावलं न लावलं, तोच त्यांनी चिमट्याचं टोक एका दात्यावर ठेवलं. "हा." केसाएवढा वाकलेला होता. बाबांचे डोळे अजून गरुडाचे आहेत. त्यांनीच तो सरळ केला, मी नुसता दिवा धरला.

घड्याळ पुन्हा चालू झालं. आता जुनी टिकटिक आणि नवी टिकटिक यांत फरक किती, ते ऐकावं म्हणून मी हेडफोन लावून ते रेकॉर्डिंग उघडलं. आणि काम करता करता पहिल्यांदाच ते पुढे चालू दिलं.

सातव्या मिनिटाला दार उघडल्याचा आवाज आला. मग आत्याचा. "अगं पण दादा म्हणाला ना, ठणठणीत आहे म्हणून?"

आणि मग माझा, फोन चालू आहे हे विसरून बोललेला. अगदी स्पष्ट, टिकटिकीपेक्षा मोठा.

"बाबांना ऐकू येत नाही गं आत्या. वर्ष झालं. नुसता कान लावून उभे राहतात. बाहेर कुणाला कळलं ना… जगणार नाहीत ते."

माझ्या हातातला चिमटा खाली पडला.

चारशे बारा माणसं! त्यातली निम्मी बाबांना नावाने ओळखणारी. सगळ्यांनी कानाला हेडफोन लावून, टिकटिकीसाठी जिवाचा कान करून ऐकलं असतं ते. आणि हे मी स्वतःच्या हाताने पाठवलं होतं… एकदा नाही, दोनदा.

नियम चौथा. शेवटपर्यंत ऐका.

त्याने ऐकलं होतं. आणि त्याला ते मला सरळ सांगता येत नव्हतं, कारण दुकानाच्या पत्त्यावर जे येतं ते आत्या छापते आणि बाबा वाचतात. मीच तर लिहिलं होतं तसं. फोन करावा तर दुकानात तो कोण उचलेल, त्याला काय माहीत. सातवा तुकडा गाळून बाकीचे दहा सोडले असते, तर सातवा कुठाय म्हणून सगळे घड्याळजी मागे लागले असते. म्हणून त्याने सगळेच अडवले, आणि मी चारचौघांत त्याच्यावर धावून गेले तेव्हा त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. मी शरमेने पाणी पाणी झाले. आणि खरं सांगते, त्याच क्षणी मला तो माणूस इतका आवडला, इतका आवडला, की डोळ्यांत पाणी आलं.

रेकॉर्डिंग चालूच होतं. नववं मिनिट.

"मग आता कुणाला विचारणारेस?" आत्या.

"ग्रुपवर आहे एकजण. मनोऱ्यावरच्या घड्याळाचा माणूस. काय लिहितो गं… तो समोर बसून बोलायला लागला ना, तर मी काम विसरून बघतच राहीन."

"लग्न झालंय का त्याचं?"

"आत्या!"

मी हेडफोन काढून फेकला. कान लालबुंद झाले होते.

त्या दिवशी मी नवा मेलपत्ता उघडला. पहिला मेल त्यालाच.

"हा पत्ता फक्त माझा आहे, कुणी छापत नाही. नियम चौथा आज पाळला. उशिरा पाळला. तुमची क्षमा कशी मागू, ते कळत नाही. ग्रुपवर मागते."

उत्तर तासाभरात आलं. "ग्रुपवर नको. कशाबद्दल, असं विचारतील. काकांचं घड्याळ कसं आहे?"

"चालतंय. पण तुम्ही माझ्यासाठी सगळ्यांसमोर बोलणी खाल्लीत."

"माझ्या मनोऱ्यावरची कबुतरं रोज बोलतात मला. सवय आहे. आणि फाइल ग्रुपच्या साठ्यातून पुसून टाकली आहे, निश्चिंत राहा. नवव्या मिनिटाचं तर मी काही ऐकलंच नाही."

मी तीनदा वाचलं. "मग नवव्या मिनिटाला काहीतरी आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

त्यावर अर्धा दिवस उत्तर नाही. मग एकच ओळ. "इथे नेट फार हळू चालतं."

त्यानंतर रोज मेल. तो काहीही पाठवताना आधी विचारायचा. "एक फोटो आहे, चाळीस केबी, मनोऱ्याच्या खिडकीतलं पावसाळी आभाळ. पाठवू?" मी म्हणायचे, "आधी शब्दांत लिहा." मग तो लिहायचा… ढगांच्या कडा, ओली कबुतरं, खाली छत्र्यांची गर्दी… आणि फोटोची गरजच उरायची नाही. तरी मी म्हणायचे, पाठवा. कुणी आपलं दार असं दरवेळी हळूच वाजवावं, याची मला सवय नव्हती.

घड्याळ वाचनालयात परत गेलं. चावी दिली. आता पूर्ण आठ दिवस चालायला हवं होतं. पाचवा दिवस गेला, माझा जीव भांड्यात पडला. सातव्या दिवशी त्याचा मेल आला. "एक मोठी अटॅचमेंट आहे. उंची पाच फूट नऊ इंच, प्रवास पाच तास, येण्याची वेळ उद्या दुपारी. नियमाप्रमाणे आधी विचारतोय. चालेल?"

मी लिहिलं, "मर्यादेबाहेर आहे. पण येऊ द्या."

आठव्या दिवशी दुपारी वाचनालयात मी, बाबा आणि ग्रंथपाल बाई घड्याळासमोर उभे होतो, तेव्हा तो आला. उंच, जरासा वाकून चालणारा, एका खांद्यावर पावसाचं पाणी. बोटांच्या पेरांत काळं तेल… आमच्या बोटांसारखंच. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर घड्याळाकडे वळवली. एवढं लिहिणारा माणूस, पण तोंडून शब्द फुटेना!

"बरं झालं आलात," ग्रंथपाल बाई बाबांना म्हणाल्या. "आठ दिवस झाले, चालतंय. पण तुम्ही एकदा ऐकून सांगा. तुम्ही 'बरोबर' म्हणालात की मी निर्धास्त."

बाबांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं. ते पुढे झाले. नेहमीसारखा कान पेटीकडे न्यायला लागले. एवढ्यात तो बाबांच्या समोर आला, खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून, आणि सावकाश म्हणाला,

"काका, एक विचारू? आमच्या मनोऱ्यात इतका आवाज असतो, की कानाचा उपयोगच नाही. मी घड्याळ हातानेच ऐकतो. पण ही पेटी लाकडी. हात कुठे ठेवायचा, दाखवाल?"

बाबा त्याच्या ओठांकडे बघत राहिले. मग त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मग आपला तळहात त्यांनी सावकाश पेटीच्या कुशीवर टेकवला, लंबकाच्या वर वीतभर.

"इथे…" ते म्हणाले, आणि थांबले.

त्यांचा चेहराच बदलला. ओठ हलायला लागले. "टिक… टाक… टिक… टाक…" बरोबर घड्याळाच्या ठोक्यावर, एकही न चुकता. वर्षभराने ऐकत होते ते. मिनिट पूर्ण झालं, तरी एक ठोका ओढत आला नाही. बाबांनी हात काढला नाही. तसाच ठेवून ते बाईंकडे वळले.

"बाई, मला आता कानांनी ऐकू येत नाही," ते म्हणाले. अगदी सहज, हवा कशी आहे ते सांगावं तसं. "पण तुमचं घड्याळ बरोबर आहे. माझ्या हाताला कळतंय."

"मग तुमच्या हातावर माझा विश्वास आहे," बाई म्हणाल्या आणि वहीवर सही घ्यायला टेबलाकडे गेल्या. एवढंच झालं. ज्याला मी वर्षभर घाबरत होते, ते एवढंच होतं. मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

बाबा सही करायला गेले. जाताना त्याच्या पाठीवर एक थाप मारून गेले, चांगली सणसणीत.

मग आम्ही दोघंच उरलो. मध्ये घड्याळ. त्याने खिशातून एक छोटा पेनड्राइव्ह काढला.

"एक कबुली द्यायची होती," तो म्हणाला. "तुमची फाइल ग्रुपच्या साठ्यातून पुसली, हे खरं. पण माझ्याकडची… मला पुसता आली नाही. दुसऱ्याची फाइल अशी न विचारता ठेवू नये. नियमबाह्य आहे."

"मग ठेवली का?"

"नववं मिनिट…" त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ते मी रोज ऐकतो. मनोऱ्यात, खिडकीशी बसून. खूप प्रयत्न केला. पुसवत नाही. मला तुम्ही आवडता. हे मेलमधून पाठवण्यासारखं नव्हतं, म्हणून घेऊन आलो."

बोलायचं होतं, पण मी नुसती बघतच राहिले होते, नवव्या मिनिटात म्हटल्याप्रमाणे.

"आणि… आत्याच्या प्रश्नाचं उत्तर," तो हळूच म्हणाला, "नाही झालेलं."

मला हसू फुटलं. वाचनालय आहे हे विसरून मी मोठ्याने हसले. तिकडून बाबांनी मान वर करून पाहिलं. त्यांना हसणं ऐकू आलं नसणार, पण दिसलं तर होतंच. त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि उगाचच वहीची मागची पानं चाळायला लागले.

मी त्याच्या तळहातावरचा पेनड्राइव्ह उचलला, आणि पुन्हा त्याच्या हातात ठेवून त्याची मूठ मिटवली. माझा हात मात्र काढून घेतला नाही.

"सातवं मिनिट पुसून टाक," मी म्हटलं. "आता त्याची गरज नाही. नववं ठेव."